धूर आधी पोचला

ओसाकाच्या सेन्निची डिपार्टमेंट स्टोअरमध्ये १३ मे १९७२ च्या रात्री जी आग लागली ती दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यावर जळली. माणसं मेली ती सातव्या मजल्यावर, आणि तीही ११८. सातव्यावर ज्वाळा पोचल्याच नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जपानमध्ये एका इमारतीच्या आगीत इतके बळी ना आधी गेले होते ना नंतर गेले. गर्दीच्या बाजारपेठेत, मॉलमध्ये, व्यापारी संकुलात आग लागून माणसं दगावल्याची बातमी येते तेव्हा मला दर वेळी हे तीन मजल्यांचं अंतर आठवतं. आग इथे आणि मरण तिथे, हे कसं झालं ते नीट समजून घेतलं तर आपल्याकडच्या इमारतींमध्ये नेमकं काय तपासायचं हे आपोआप कळतं.

ही इमारत मुळात दुकानांसाठी बांधलेली नव्हती. १९३२ साली ती काबुकी नाटकांचं थिएटर म्हणून उभी राहिली आणि १९५८ मध्ये तिचं डिपार्टमेंट स्टोअर झालं. जमिनीवर सात मजले, खाली एक तळघर. मालक एक, भाडेकरू अनेक. तिसऱ्या मजल्यावर कपड्यांचं मोठं दुकान होतं आणि सातव्यावर ‘प्लेटाउन’ नावाचं कॅबरे. दुकानं रात्री नऊला बंद होत, कॅबरे त्यानंतर रंगात येई. म्हणजे रात्री नऊनंतर या इमारतीत खाली सगळा अंधार, कापडाचे ढीग आणि बंद काउंटर; आणि वर, लिफ्टनं थेट जाता येईल अशा मजल्यावर, गिऱ्हाईक, होस्टेस, वादक आणि नोकर मिळून १८१ माणसं. दोन वेगळ्या वेळांना जागणारे दोन धंदे एकाच सांगाड्यात राहत होते, आणि त्यांचा एकमेकांशी रोजचा काही संबंध नव्हता.

त्या रात्री तिसऱ्या मजल्यावर विजेचं काम चालू होतं. दहा वाजून सत्तावीस मिनिटांच्या सुमारास तिथे आग दिसली. ती नेमकी कशानं लागली हे शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही. सिगारेट किंवा काडीचा संशय होता, तो संशयच राहिला. कामगारांनी धोक्याची कळ दाबली, तळमजल्यावरच्या सुरक्षारक्षकांना कळलं, आणि अग्निशमन दलाला फोन गेला तो दहा चाळीसला. तेरा मिनिटं गेली. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की फोन बाहेर गेला, वर गेलाच नाही. सातव्या मजल्यावर कुणीही कळवलं नाही. इमारतीत आग लागली आहे ही बातमी तिथल्या लोकांना धुरानंच दिली.

इथे थोडं थांबून धुराच्या वाटा पाहायला हव्यात, कारण सगळा खेळ तिथे आहे.

पेटलेल्या खोलीतला धूर गरम असतो, म्हणून हलका असतो, म्हणून छताला जाऊन चिकटतो. छताखाली त्याचा थर जमतो आणि तो खाली खाली येत जातो. आडवा पसरताना तो साधारण माणसाच्या संथ चालीनं किंवा त्याहूनही हळू जातो. पण त्याला उभी वाट मिळाली, म्हणजे जिना, लिफ्टचा शाफ्ट, हवा नेणारा पत्र्याचा डक्ट किंवा केबलचा चॅनेल, की तो सेकंदाला तीन ते पाच मीटरनं चढतो. धडधाकट माणूस मोकळ्या जिन्यावरून जितक्या वेगानं चढेल त्याच्या कितीतरी पट. तिसऱ्यावरून सातव्यावर जायला अशा धुराला मिनिटही लागत नाही. आणि वर बंद छत असेल तर तो तिथेच कोंडतो, म्हणून सगळ्यांत आधी भरतो तो सगळ्यांत वरचा मजला. मधले मजले त्यामानाने मोकळे राहू शकतात. उभा शाफ्ट हे धुराडंच असतं, फक्त त्याच्या टोकाला आपण माणसं बसवलेली असतात.

सेन्निचीमध्ये धूर मुख्यतः दोन वाटांनी वर आला. एक, वातानुकूलनाचा डक्ट. दोन, लिफ्टचा शाफ्ट. डक्टमध्ये आगरोधक झडप, म्हणजे फायर डॅम्पर, असायला हवा तसा होता, पण तो बंद झाला नाही. डॅम्पर ही साधी वस्तू आहे. पत्र्याची एक झडप स्प्रिंगच्या किंवा स्वतःच्या वजनाच्या ताणावर उघडी धरलेली असते; ती धरून ठेवते एक छोटी कडी, जिचं झाळण ठरावीक तापमानाला वितळतं. साधारण ७२ अंश सेल्सिअसला कडी सुटते, झडप पडते, डक्ट बंद होतो. यात बिघडण्यासारखं बरंच आहे. बिजागरीवर धूळ आणि वंगणाचा थर बसून झडप अर्ध्यात अडकते. डक्टच्या बाजूला तपासणीची खिडकी ठेवलेली नसते, म्हणून वर्षानुवर्षं कुणी आत डोकावत नाही. कधी काम करताना झडप मध्ये मध्ये पडते म्हणून कुणी तिला तारेनं बांधून टाकतो. आणि सगळं ठीक असलं तरी एक मूळ अडचण उरते: धूर माणसाला मारायला ७२ अंशांची वाट पाहत नाही. डक्टमधून येता येता तो चाळीस-पन्नास अंशांवर आलेला असतो, कडी शाबूत राहते, झडप उघडी राहते आणि विष मात्र पूर्ण तीव्रतेनं पुढे जातं. म्हणूनच नंतर जपानमध्ये नियम बदलला आणि मजल्यांच्या आरपार जाणारे डॅम्पर उष्णतेऐवजी धुराच्या डिटेक्टरला जोडण्याचा आग्रह धरला गेला.

विष म्हणजे प्रामुख्यानं कार्बन मोनॉक्साइड. नायलॉन, ॲक्रिलिक, पॉलिस्टर आणि फोम अशा कृत्रिम मालाची रास कोंडलेल्या जागेत जळते तेव्हा प्राणवायू अपुरा पडतो आणि हा वायू भरमसाट तयार होतो. ॲक्रिलिक आणि फोममधून सोबत सायनाइडही निघतं. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. हवेत त्याचं प्रमाण सव्वा टक्क्याच्या घरात गेलं की दोन-तीन श्वासांत माणूस बेशुद्ध पडतो आणि काही मिनिटांत जातो. त्याहून कमी प्रमाणात तो आधी विचार मंदावतो, मग पाय. माणसाला दार दिसत असतं आणि त्या दारापर्यंत जाणं होत नाही. ‘पळाले का नाहीत?’ असं आपण सहज विचारतो. या वायूनं पळण्याची शक्ती आधीच काढून घेतलेली असते.

आता सातव्या मजल्यावर येऊ. गिऱ्हाइकांना आत यायची ओळखीची वाट एकच, लिफ्ट; आणि त्याच लिफ्टच्या शाफ्टमधून धूर येत होता. खाली जाणारे जिने होते, एक नव्हे चार. पण काहींची दारं कुलूपबंद होती, काही उघडल्याबरोबर धुराचा लोट आत आला. एक जिना शेवटपर्यंत वापरण्याजोगा होता. तो सामान ठेवण्याच्या खोलीच्या मागे होता, गिऱ्हाइकांच्या नजरेत न येणाऱ्या जागी. त्यावरून उतरून दोन माणसं वाचली. १८१ पैकी दोन! थोड्याच वेळात दिवे गेले आणि उरलेल्यांना तो जिना शोधण्याची संधीही राहिली नाही.

मग लोक खिडक्यांकडे धावले. खिडकीजवळ एक सुटकेची पिशवी होती. कॅनव्हासची लांब नळी. वरचं टोक खिडकीत लोखंडी चौकटीला बांधलेलं, खालचं टोक जमिनीवर ताणून धरायचं, आणि माणसानं आतून घसरत खाली यायचं. ती वापरायची तर चौकट उचलून उभी करावी लागते. चौकट उभी राहिली की पिशवीचं तोंड उघडतं. त्या रात्री पिशवी खाली सोडली गेली, खालचं टोक धरलंही गेलं, पण वरची चौकट उभी करायची असते हे तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. तोंड मिटलेलंच राहिलं. लोक पिशवीच्या आत शिरण्याऐवजी तिच्या बाहेरून, तिला मिठी मारून उतरू लागले आणि हात सुटून पडले. ती पिशवी फाटकी आहे हे आधी लक्षात आणून दिलेलं होतं. ती दुरुस्त झाली नव्हती आणि तिची कवायतही कधी झाली नव्हती. शिडीच्या गाड्यांनी पन्नास जणांना खिडक्यांतून काढलं. मृतांपैकी ९६ जण आत गेले, २२ जण खाली पडून किंवा उड्या मारून.

सातव्या मजल्यावर काय नव्हतं? जिने होते. सुटकेचं साधन होतं. खिडक्या होत्या. वस्तू म्हणून पाहिलं तर बरंच काही होतं, आणि कागदावरची यादी त्यावर भरताही आली असती. वेळेवर निरोप मिळाला असता आणि कुठला जिना धुरापासून वेगळा आहे हे दोन नोकरांना जरी ठाऊक असतं, तर यातले बहुतेक लोक चालत खाली आले असते असं माझं ठाम मत आहे.

तिसऱ्या मजल्यावर जे व्हायला हवं होतं ते तर आणखी सोपं होतं. मोठ्या विक्रीच्या मजल्याचे भाग पाडणारी आगरोधक शटरं तिथे बसवलेली होती. ती हातानं खाली ओढायची होती आणि दुकान बंद झाल्यावर ओढली जात नसत, कारण सकाळी पुन्हा उघडा, आणि रात्री काम करणाऱ्यांना ये-जा हवी. खटला पुढे १९९० मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. स्टोअरच्या आणि कॅबरेच्या व्यवस्थापकांना निष्काळजीपणासाठी दोषी ठरवलेलं तिथे कायम राहिलं. न्यायालयाची अपेक्षा अगदी व्यवहारी होती: रात्री काम चालू असेल तर त्या मजल्याची शटरं, कामाला अगदी लागतील तेवढी सोडून, बंद ठेवायची, आणि काम संपेपर्यंत आपला एक माणूस तिथे उभा करायचा. अडाण्यालाही पटेल अशी ही गोष्ट. खर्च जवळपास शून्य. तरी ती रोज रात्री करायची म्हणजे कुणाच्या तरी ड्युटीत लिहिलेली असावी लागते, आणि ती तशी नव्हती.

दीड वर्षानं, २९ नोव्हेंबर १९७३ ला, कुमामोतो शहरातल्या ताइयो डिपार्टमेंट स्टोअरला आग लागली. ही भर दुपारी, सव्वाच्या सुमारास, दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं असताना. शंभराहून अधिक लोक गेले. सुरुवात दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या जिन्यात झाली. तिथे पुठ्ठ्याची खोकी रचून ठेवलेली होती. व्यापारी इमारतीत जिना ही सगळ्यांत स्वस्त गोदामाची जागा असते. भाडं पडत नाही, गिऱ्हाइकाला दिसत नाही, माल हाताशी राहतो. पण जिन्यात पेट घेतलेला पुठ्ठा एकाच वेळी दोन गोष्टी करतो. बाहेर पडायची वाट अडवतो आणि धुराला वर जायची वाट मिळवून देतो. ताइयोमध्ये बांधकाम चालू होतं, स्प्रिंकलरचं, म्हणजे छतातून आपोआप पाणी फवारणाऱ्या तोट्यांचं, कामही पूर्ण झालेलं नव्हतं, त्यामुळे पाणी पडलं नाही. आत घोषणा झाली नाही. अग्निशमन दलाला पहिली खबर दुकानातून नव्हे, जवळच्या केशकर्तनालयातून गेली. रस्त्यावरच्या माणसाला आग दिसली, आणि आतल्या गिऱ्हाइकाला ती सांगायला कुणी नव्हतं.

या दोन आगींनी जपानचा कायदा बदलला, आणि ज्या पद्धतीनं बदलला ते मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. तोवर नवे नियम नव्या इमारतींना लागू होत. जुनी इमारत बांधताना जो नियम होता तो पाळला असेल तर ती सुटे. सेन्निचीच्या जळालेल्या मजल्यांवर स्प्रिंकलर नव्हते ते याच सवलतीमुळे. १९७४ च्या दुरुस्तीनं डिपार्टमेंट स्टोअर, हॉटेल, रुग्णालय, भुयारी बाजार यांच्यापुरती ही सवलत काढून घेतली. मुदत दिली, पण जुन्या इमारतींनाही नवी यंत्रणा बसवायला लावली. व्यापाऱ्यांना हा भुर्दंड मोठा होता. तरीही हाच निर्णय योग्य होता, कारण गर्दी जुन्या इमारतीतही तितकीच असते आणि धूर बांधकामाचं साल विचारत नाही.

बातमी पोचणं म्हणजे घंटा वाजणं, असं समजून आपण मोठी चूक करतो. ८ मे १९७९ ला इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या वुलवर्थ दुकानात फोमच्या फर्निचरच्या राशीला आग लागली. राशीजवळ खराब झालेली विजेची केबल होती. दहा जण गेले, आणि त्यांतले बहुतेक त्याच मजल्यावरच्या उपाहारगृहाकडचे. धोक्याची सूचना मिळाल्यावरही काही जण ताटावरून उठले नाहीत, काही बिल देण्यासाठी थांबले. यात बेफिकिरी शोधू नये. माणूस आपली भूमिका सहज सोडत नाही. जेवायला बसलेला गिऱ्हाईक, कुणी अधिकारानं ‘उठा’ म्हणेपर्यंत, गिऱ्हाईकच राहतो. पुढे न्यूकॅसलच्या मेट्रोच्या एका भुयारी स्टेशनात संशोधकांनी याचीच चाचणी घेतली. नुसती घंटा वाजवली तेव्हा लोक बराच वेळ रेंगाळले; काय झालं आहे आणि कुठे जायचं आहे हे ध्वनिक्षेपकावरून स्पष्ट सांगितलं तेव्हा स्टेशन चटकन रिकामं झालं. म्हणून मॉलमध्ये हूटरपेक्षा माणसाचा आवाज मोलाचा. घोषणा तयार, लिहिलेली, मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत असावी. तीत मजला आणि जिना नावानं असावा. आणि ती करण्याचा अधिकार रात्रपाळीच्या रक्षकाला असावा. ‘मॅनेजरसाहेबांना विचारून’ केलेली घोषणा उशिराच होते.

रशियात केमेरोव्हो शहरात २५ मार्च २०१८ ला ‘झिम्न्याया विश्न्या’ या मॉलला आग लागली तेव्हा शाळांना सुट्टी लागली होती, वरच्या मजल्यावर चित्रपटगृहं आणि मुलांची खेळायची जागा भरलेली होती. ६० जण गेले, त्यांत ३७ मुलं. तिथली धोक्याची यंत्रणा काही दिवस आधीपासूनच बंद पडलेली होती, आणि घोषणा झाली नाही. जे सेन्निचीत झालं तेच, सेहेचाळीस वर्षांनी: करमणूक सगळ्यांत वर, धूर वर चढणारा, बातमी खालीच अडकलेली. चित्रपटगृह, फूड कोर्ट आणि खेळाची जागा वर न्यायची पद्धत व्यापाराच्या दृष्टीनं पक्की आहे; माणूस वर जाताना आणि येताना सगळी दुकानं पाहतो. ती बदलणार नाही. मग निदान खालची प्रत्येक गोष्ट वरच्या मजल्यासाठी म्हणून तपासायला हवी.

मुंबईत भांडुपच्या ड्रीम्स मॉलची आग मार्च २०२१ मधली. मॉल खाली, कोविडचं रुग्णालय वर. रात्री उशिरा आग लागली ती मॉलच्या भागात, आणि धूर गेला रुग्णालयात. ज्यांना उठून चालता येत नव्हतं अशा १० हून अधिक रुग्णांचा जीव गेला. सेन्निचीचा आराखडा समोर ठेवून ही घटना वाचली की अंगावर काटा येतो. खाली बंद दुकानं, वर जागी माणसं, मध्ये जोडणारे शाफ्ट.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा, डिसेंबर २००८ पासून अमलात आलेला. इमारतीतली आगीची यंत्रणा चालू स्थितीत ठेवायची जबाबदारी मालकाची किंवा वापरणाऱ्याची, आणि परवानाधारक एजन्सीकडून तपासून ‘फॉर्म बी’, म्हणजे यंत्रणा चालू असल्याचा दाखला, वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचा. कागद चांगला आहे. पण फॉर्म बी त्या दिवसाची स्थिती सांगतो, आणि मॉल रोज बदलतो. कुठेतरी दुकान बदलतंच असतं, म्हणजे कुठेतरी सुतार, वेल्डर आणि वायरमन काम करतच असतात. बिघाड घुसतो तो या कामांतून.

नव्या भाडेकरूचं काम सुरू होतं तेव्हा धुळीनं डिटेक्टर वाजू नये म्हणून त्यावर प्लॅस्टिकची टोपी चढवतात, किंवा कंट्रोल पॅनेलवर तो झोन ‘आयसोलेट’, म्हणजे तात्पुरता बंद, करतात. काम संपतं, उद्घाटन होतं, टोपी तशीच. पॅनेलवर पिवळा दिवा जळत राहतो आणि रक्षकाला तो रोजचा वाटायला लागतो. स्प्रिंकलरची लाइन हलवायची तर त्या मजल्याचा व्हॉल्व्ह बंद करून पाणी काढावं लागतं. तो पुन्हा उघडायचा राहतो. पंपाचा स्विच ‘ऑटो’वरून ‘मॅन्युअल’वर जातो, कारण गळतीमुळे जॉकी पंप, म्हणजे पाइपातला दाब टिकवणारा छोटा पंप, सारखा सुरू होत असतो आणि गळती शोधण्यापेक्षा स्विच फिरवणं सोपं असतं. नवी फॉल्स सीलिंग जुन्या स्प्रिंकलरच्या खाली येते. लाल बल्बचा स्प्रिंकलर ६८ अंशांना फुटायचा, पण तो आता सीलिंगच्या वर आहे आणि उष्णता त्याच्यापर्यंत उशिरा जाते. दुकानदार माल छतापर्यंत रचतो. स्प्रिंकलरच्या खाली निदान अर्धा मीटर मोकळी जागा नसेल तर पाण्याचा फवारा पसरतच नाही, वरच्या खोक्यावर पडतो आणि आग खालच्या खोक्यात चालू राहते.

यातलं सगळ्यांत दुर्लक्षित काम म्हणजे शाफ्ट बंद करणं. प्रत्येक मजल्याच्या स्लॅबमधून केबल आणि पाइप वर जातात, त्यांच्याभोवतीची फट दोन तास आग थोपवेल अशा मसाल्यानं किंवा फळीनं बुजवायची असते. नवी केबल टाकायला कुणी येतो, भोक पाडतो, केबल ओढतो, जातो. पुढचा येतो, त्याच भोकातून आणखी दोन ओढतो. वर्षभरात हाताचा पंजा जाईल एवढं भोक होतं. ते शोधायला यंत्र लागत नाही. इलेक्ट्रिकल शाफ्टचं दार उघडायचं, आतला दिवा घालवायचा, आणि एकानं खालच्या मजल्यावरून टॉर्च वर रोखायचा. वरच्या मजल्यावर उजेड दिसला तर धूरही येईल. अशी एक फेरी मोठ्या मॉलमध्येही एका दुपारी होते. दिसलेली प्रत्येक फट खडूनं खुणावून त्याच आठवड्यात बुजवायची, आणि यापुढे केबल ओढणाऱ्याचं बिल फट बुजवल्याचा फोटो दिल्याशिवाय काढायचं नाही. जिथे पैशाची अट घातली आहे तिथेच हे काम टिकतं.

जिन्याचं आगरोधक दार हाही असाच प्रकार. वर बसवलेला क्लोजर दार आपोआप ओढून घेतो; ये-जा करणाऱ्यांना तो त्रास वाटतो, म्हणून खाली वीट, खुर्ची किंवा पाण्याचा बाटला लावून दार उघडं ठेवतात. उघडं आगरोधक दार म्हणजे दारच नाही. उलट टोकाचा दोष म्हणजे चोरीच्या भीतीनं बाहेर पडायचं दार कुलूपबंद करणं. चोरीची भीती खरी आहे, ती हसण्यावारी नेऊ नये. तिच्यावर उपाय आहे: आतून दांडी ढकलली की उघडणारं, उघडताच मोठ्यानं वाजणारं पॅनिक बार असलेलं दार. माल घेऊन पळणारा पकडला जातो आणि जीव घेऊन पळणारा सुटतो. साखळी-कुलूप काढायला लावायचं तर आधी हे दार बसवून द्यावं लागतं, नाहीतर कुलूप दुसऱ्या दिवशी परत लागतं.

रात्रीच्या वेल्डिंगसाठी परवानगीचा कागद असतोच. त्यात काम संपल्यानंतरचा तास क्वचितच लिहिलेला असतो. ठिणगी कापडात किंवा फोममध्ये पडली तर लगेच ज्वाळा दिसत नाही, ती आत धुमसते. म्हणून काम थांबल्यावर किमान एक तास पाण्याची बादली किंवा आग विझवायचा सिलिंडर घेऊन एकजण तिथेच थांबायला हवा, आणि त्यानं खालच्या मजल्याची सीलिंगही पाहायला हवी, कारण ठिणगी भोकातून खालीही जाते.

आणि कवायत. आपल्याकडे ती सकाळी अकराला होते, सगळे कर्मचारी हजर, आग तळमजल्यावर, वाट मुख्य दाराची. ती एकदा रात्री दुकानं बंद झाल्यावर, वरचं चित्रपटगृह, जिम किंवा रुग्णालय चालू असताना घ्यावी. आग मधल्या मजल्यावर आहे असं धरावं, मुख्य लिफ्ट आणि तिच्या शेजारचा जिना धुरानं भरलाय असं जाहीर करावं, आणि घड्याळ लावावं: खालच्या रक्षकाला कळल्यापासून वरच्या मजल्याच्या प्रमुखाला फोन जाईपर्यंत किती मिनिटं लागली, तो फोन उचलला कुणी, आणि उचलणाऱ्याला धुरापासून वेगळा असलेला जिना न विचारता सांगता आला का. फोन दोन मिनिटांत गेला नाही तर क्रमांकांची यादी बदलावी आणि पुढच्या महिन्यात, वेगळ्या पाळीच्या रक्षकाला बसवून, तीच कवायत पुन्हा घ्यावी.